मोठ्या अक्षरात नर्स

आमच्या खराडीत माणूस जन्मला तरी फ्लेक्स लागतो आणि गेला तरी लागतो. कुणाचं बारसं, कुणाची दहावी, कुणाच्या बैलांनी शर्यतीच्या घाटात पहिला नंबर काढला, सगळं चौकात टांगलं जातं. आयटीवाली मुलं पाठीला लॅपटॉप लावून खालून जातात आणि हसतात. मीही हसायचे. एकदा सकाळी रात्रपाळी संपवून आले, चौकात रिक्षातून उतरले, सवयीनं हसायला मान वर केली, तर वर मीच होते.

चांगली दहा फुटांची. चुलत बहिणीच्या लग्नातला फोटो. नाकात नथ, केसांत गजरा, आणि खांद्यावर कुणाचा तरी कापायचा राहून गेलेला हात. गळ्यात स्टेथोस्कोप. तो काही मी लग्नात घालून गेले नव्हते, नंतर चिकटवलेला होता, आणि इतका बारका की भातुकलीतला वाटावा. वर 'आमच्या गावची शान', त्याखाली 'परदेशातील परवाना परीक्षेत उज्ज्वल यश', आणि मधोमध, माझ्या तोंडाएवढ्या मोठ्या अक्षरात, एकच शब्द: नर्स. खाली शुभेच्छुकांची रांग. गॉगलवाले, मिशीवाले, हात जोडलेले, फोन कानाला लावलेले. कोपऱ्यात चुलतभावाचं शेंबडं पोर, 'बालशुभेच्छुक' म्हणून.

परीक्षेचा निकाल अजून लागलेला नव्हता.

रिक्षावाल्यानं आधी वर बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, या तुम्हीच का?"

"नाही," मी म्हणाले, आणि ओढणी डोक्यावरून घेऊन तडक चालायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. इथं नवरीला न विचारता तिच्याच गुडघ्याला बांधून मोकळे झाले होते.

हे लचांड समजायचं तर आधी परीक्षेचं सांगायला हवं. मी एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स होते. कोर्स झालेला, आपल्याकडची नोंदणी झालेली, सगळं रीतसर. पण बाहेरच्या देशात नर्स म्हणून उभं राहायचं तर तिथला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी त्यांची परीक्षा. ती कॉम्प्युटरवर असते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा येतो. असं ते मशीन माणसाला जोखत राहतं, आणि त्याची खात्री पटली की मध्येच बंद होतं.

या परीक्षेचा क्लास स्वारगेटजवळ एका चपलांच्या दुकानाच्या वर भरायचा. शिकवणारे सर स्वतः बरीच वर्षं आखातात नर्स होते. पण मूळचे पुण्याचेच, त्यामुळं कौतुक करायची पद्धत नव्हती. एखादीनं धडधडीत चुकीचं उत्तर दिलं की म्हणायचे, "वा. पेशंटचे नातेवाईक आपल्याला जन्मभर विसरणार नाहीत."

माझी खोड एकच होती आणि ती मोठी होती. प्रश्न असायचे, 'अशा वेळी नर्स सर्वांत आधी काय करेल?' खाली चार पर्याय, त्यांत एक हमखास 'डॉक्टरांना कळवेल'. मी डोळे झाकून तेच निवडायचे. वॉर्डात आम्ही दुसरं करतो काय? पेशंट घाबरा झाला, सरांना म्हणजे डॉक्टरांना फोन. लघवी कमी झाली, सरांना फोन. आपल्याला कळत नसतं असं नाही. कळलेलं आपण कुणाला तरी विचारून घ्यायचं, अशी ती रीत आहे. आणि त्या परीक्षेत नेमकं तेच उत्तर बहुतेक वेळा चूक असायचं. आधी पेशंटला बसतं करा, ऑक्सिजन लावा, तपासा, मग कळवा.

एकदा मी लागोपाठ तेच उत्तर दिलं तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला. "तुम्हाला नर्सचा परवाना पाहिजे की निरोप्याचा?" सगळा वर्ग खिदळला. मी मान खाली घातली ती क्लास सुटेपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्नही माझे चुकायचे. चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाल? मी जो सगळ्यांत जास्त ओरडत असेल त्याच्याकडे धावायचे. सर म्हणायचे, "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प कोण पडलंय ते बघा. आधी त्याच्याकडे." हे वाक्य मी पाठ केलं. पाठ करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या शेतावर आता काचेच्या इमारती आहेत. आबांकडं राहिली एक म्हैस, गोठ्यापुरती जागा, आणि चौकातल्या पारावरची त्यांची बसायची कड. सकाळचा घरचा चहा झाला की धुतलेली टोपी घालून ते पारावर जायचे आणि तिथला दुसरा चहा प्यायचे. पारावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. आबा खोटं बोलत नाहीत, असं लोक म्हणायचे.

एक खोटं मात्र ते बोलायचे, आणि ते माझ्याबद्दल. "पोरगी हॉस्पिटलात हाय. हापिसात." हे मी दाराआडून कितीदा तरी ऐकलं आहे. दोन स्थळं माझ्या कामावरून मोडली होती. पुरुषांची अंगं पुसते, रात्रीबेरात्री बाहेर असते, असं एकांनी तोंडावर सांगितलं होतं. आबा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण माझा पांढरा युनिफॉर्म आई पुढच्या दोरीवर कधीच वाळत घालायची नाही. मागं, न्हाणीच्या भिंतीला, कुणाला दिसणार नाही असा घालायची. मीही कधी म्हणाले नाही की पुढं घाल. त्यांना माझी लाज वाटते याची मला लाज वाटायची, आणि ती लाज सगळे मिळून आम्ही मागच्या दोरीवर वाळवायचो.

परीक्षेचा अभ्यास मात्र मी स्वयंपाकघरात करायचे, मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. आबा चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी बसलेले असायचे. एक दिवस म्हणाले, "काय म्हंतीय ते आमाला बी सांग की मराठीत." मी सांगितलं. एका बाईचं पोट टाके घातलेल्या जागी उसवलंय. नर्स आधी काय करेल? ओलं निर्जंतुक कापड झाकेल, गुडघे वाकवून झोपवेल, मग डॉक्टरला बोलावेल.

आबांनी कप खाली ठेवला. "म्हंजी डाक्टर यायच्या आधी समदं नर्सनं ठरवायचं?"

"तिकडं हो."

"आनि हितं?"

"इथं विचारून करायचं."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. दुसऱ्या दिवसापासून रोज उंबऱ्यावर ठाण मांडून बसायला लागले. मी प्रश्न मराठीत सांगायचे आणि ते अंदाज ठोकायचे. बहुतेक चुकायचे, आणि चुकले की पोरासारखे चिडायचे. पाव्हणा आला की त्याला म्हणायचे, "थांबा जरा, पेशंट हाय समोर." आई म्हणायची, "आता ह्यांनाच बसवा परीक्षेला." इतकी वर्षं मी काय काम करते हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ते आम्ही त्या चहाच्या वेळात बोललो.

परीक्षेचं केंद्र मुंबईला होतं. स्वारगेटहून बसनं गेले. प्रश्न सुरू झाले आणि मधल्या कुठल्या तरी प्रश्नावर स्क्रीन एकदम पांढरा झाला. संपलं. सगळ्यांत आधी मीच बाहेर आले. क्लासमधली मैत्रीण बरोबर आली होती, ती नंतर बाहेर आली. मी सांगितलं तर तिनं मला मिठीच मारली. "अगं, मशीन लवकर बंद पडलं म्हणजे पास! सगळ्यांना माहितीय!" क्लासमध्ये हे खरंच सगळ्यांना माहीत होतं. मशीनची खात्री पटली की ते बंद होतं. खात्री कशाची पटली, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं, मलाही सुचलं नाही.

आबांचा फोन आला तेव्हा मी हवेत होते. "आबा, मशीन लवकर बंद पडलं."

"म्हंजी?"

"म्हणजे चांगलं असतं म्हणतात."

"पास?"

मी म्हणायला हवं होतं, अजून माहीत नाही. मी हसले. ते हसू त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला.

आता त्या सकाळी मी फ्लेक्सखालून सुटले ती थेट चुलतभावाच्या दारात. होऊ घातलेला पुढारी तो. स्वतःचा फोटो छापायला निमित्त शोधत असतो, त्यामुळं हे काम त्याचंच, याची मला खात्रीच होती. दार वाजवून वाजवून उठवला त्याला. "अक्कल गहाण ठेवलीयस का रे? निकाल लागलाय का माझा? कुणाला विचारून टांगलंस मला?"

तो डोळे चोळत म्हणाला, "अगं ताई, मी कशाला? आबांनी सांगितलं."

"आबांनी?"

"स्वतः आले इथं. मी म्हणलं, वैद्यकीय क्षेत्रात असं लिहू, भारी वाटतं. तर म्हणाले, न्हाई. नर्स लिही. मोठ्या अक्षरात लिही, लांबून वाचता आलं पायजे." मग जरा घुटमळून म्हणाला, "स्टेथोस्कोप माझी आयडिया."

ज्या माणसानं आयुष्यात हा शब्द माझ्यासाठी वापरला नव्हता, त्यानं तो चौकात टांगला होता. आता मी कुणाला शिव्या घालणार होते? घरी गेले. आबा गोठ्यात होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलास?" एवढंच. डोळे असे काही होते की मी "बघितला" म्हणाले आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. त्या दिवशी आईनं युनिफॉर्म पुढच्या दोरीवर घातला होता.

तेव्हापासून निकाल हा माझा राहिला नाही. नापास झाले असते तर माझं काय गेलं असतं? पुन्हा बसले असते. पण आबांनी इतक्या वर्षांची लाज काढून चौकात फेकून दिली होती. मी नापास झाले असते तर ती पुन्हा उचलून घरात आणावी लागली असती. देवापुढं हात जोडायचा माझा स्वभाव नाही. त्या आठवड्यात जोडले.

लोक अभिनंदन करायला लागले. किराणावाला, दूधवाला, शाळेतल्या बाई, शेजारच्या खोल्यांतली भाडेकरू मुलं. "काँग्रॅट्स ताई, सॉलिड!" मी हसून मान डोलवायचे. बाजारात तुरी म्हणतात तसल्या तुरी मी रोज मापानं घेत होते.

मग निकाल आला. हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळ उभं राहून फोनवर वाचला. नापास. खाली कुठल्या भागात किती कमी पडले याची वर्णनं होती. निर्णय घेण्याच्या भागात सगळ्यांत कमी. मशीनची खात्री पटली होती ती याची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडून कुणी तरी हाक मारली, "सिस्टर, सरांना कळवलं का?" मी म्हणाले, "कळवते."

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती, तिचा हात परातीत थांबला. आबा उंबऱ्यावर होते. मी म्हणाले, "आबा, ते चुकीचं समजलो आपण. नापास झाले."

ते म्हणाले, "बरं."

"बरं काय? आधी तो बोर्ड काढा. आजच्या आज काढा. मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

"आता काढला तर लोक इचारतील."

"आणि नाही काढला तर?"

"न्हाई काढला तर न्हाई इचारणार," असं म्हणून ते उठले आणि वैरण टाकायला गेले. मी मागून ओरडतच होते. कुणी सांगितलं होतं टांगायला, मी म्हणाले होते का पास म्हणून, गावात धिंडवडे काढले माझे. सगळं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आबांनी मान वळवली नाही. आईनं "बास गं आता" म्हटलं तेव्हा थांबले.

फ्लेक्स तसाच राहिला. त्यावरच्या शुभेच्छुकांत एका वजनदार पुढाऱ्याचा फोटो असल्यानं कुणी काढायलाही धजत नव्हतं. मी चौक सोडला. डेअरीच्या मागून एक बोळ निघतो, गटार आणि भिंत यांच्यामधून. तिथून जाऊन पुढच्या थांब्यावर बस पकडायला लागले. तरी लोक भेटायचेच. "कधी जाणार मग?" मी म्हणायचे, "व्हिसाचं चाललंय." मग पुढच्या वेळी, "कागदपत्रं अडकलीत." खोटं बोलायची सवय लागली की ते आपोआप जिभेवर येतं. पण बोळात शिरलं की कानाच्या पाळ्या तापायच्या. त्या बोळात मला दोन-तीनदा आबाही भेटले. टोपी घालून, हातात काही नाही. मी विचारलं, "इकडं कुठं?" ते म्हणाले, "असंच." मी माझ्याच घाईत होते, पुढं गेले.

पुढं कुणाच्या तरी वाढदिवसाला जागा हवी झाली आणि मी एकदाची उतरले. पण फ्लेक्स काही कुणी टाकून देत नाही. चांगलं जाड प्लास्टिक असतं. आबांनी तो घरी आणला आणि गोठ्याला ज्या बाजूनं पावसाची झड येते त्या बाजूला बांधला. छापलेली बाजू आत. मी गोठ्यात गेले तर म्हैस माझ्या गालाला पाठ घासत होती आणि 'नर्स'च्या खालच्या अंगाला शेण उडालेलं होतं. बाहेरून नुसतं पांढरं. मला वाटलं, लोकांना दिसू नये म्हणून आत वळवलंय मला, युनिफॉर्मसारखं. वाटलं म्हणजे काय, झोंबलं. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही, आईला द्यायला लावला.

परीक्षेला पुन्हा बसायचं ठरवलं ते धैर्यानं नाही. खोट्याचा कंटाळा आला म्हणून. सरांकडं परत गेले. ते म्हणाले, "आलात? मला वाटलं तुमच्या गावानं तुम्हाला आधीच पास केलंय." फ्लेक्सची बातमी स्वारगेटपर्यंत पोचली होती तर. मी म्हटलं, "सर, हसून घ्या, पण शिकवा." मग ते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून फक्त एकच गोष्ट घोटवून घेतली. डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय हातानं झाकायचा आणि विचारायचं, आता इथं मी एकटीच आहे, तर काय करीन? वॉर्डात मी तसंच करून बघायला लागले. आधी स्वतः पेशंटजवळ जायचे, बघायचे, करायचं ते करायचे, मग फोन. डॉक्टर एकदा म्हणाले, "सिस्टर, हल्ली तुमचा फोन आला की निम्मं काम झालेलं असतं." मला बरं वाटलं, पण ते सांगायला घरी तोंड नव्हतं. या वेळी अभ्यास मी मनातल्या मनात केला, दार लावून. आबा उंबऱ्यावर बसायचे नाहीत. चहा घेतला की टोपी घालायचे आणि जायचे, रोजच्यासारखे. मला वाटायचं, यांचं बरं आहे, पारावर गप्पा मारून येतात, भोगायचं मी.

दुसऱ्या परीक्षेला गेले ते घरात फक्त आईला सांगून. या वेळी मशीन पार शेवटपर्यंत चाललं. बाहेर आले तेव्हा काही कळत नव्हतं, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

निकाल दिवाळीच्या आधी आला, सकाळी. पास. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. आबा गोठ्यात धार काढत होते. मी दाराशी उभी राहिले. "आबा, मी परत बसले होते परीक्षेला. पास झाले."

त्यांचा हात थांबला नाही. "मशीन बंद पडलं म्हून म्हंतीस का कागद आला?"

"कागद आला."

"वाच."

मी फोनवरचं इंग्रजी वाचलं. म्हणाले, "मराठीत." मी मराठीत सांगितलं, अमुक नावाची व्यक्ती नर्स म्हणून काम करायला पात्र आहे. आबांनी धार पुरी केली, चरवी बाजूला ठेवली, हात धुतले. माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. ते माझ्या शेजारून घरात गेले आणि आईला म्हणाले, "धुतलेली टोपी दे. चा प्यायला जातो."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "रोजच तर जाता. आज निदान घरात थांबा की."

आबा टोपी घालून बाहेर पडले. आईनं माझ्याकडं वळून बघितलं. ती म्हणाली, "कुटं रोज जातेत? तुझा त्यो नापासाचा निकाल आल्यापासनं पारावर पाय ठेवला न्हाई त्यांनी."

"मग रोज टोपी घालून...?"

"नदीकडंला जाऊन बसायचे, एकलेच. मागच्या बोळातनं. मी म्हणलं, अवं, इचारलं कुनी तर सांगा काय तरी, पोरगी सांगती तसं. तर म्हनले, मला न्हाई जमायचं. खोटं बोलायचं न्हाई आनि खरं सांगून पोरीची अब्रू घालवायची न्हाई. मग जायचंच न्हाई."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. इतके महिने. बोळात समोर आले होते ते, टोपी घालून, हातात काही नसताना. मला दिसले होते.

आई म्हणाली, "आनि त्यो बोर्ड आत का वळवला त्ये बी इचार कवातरी. उन्हानं अक्षरं जात्यात म्हनले."

त्या दिवशी मी ड्यूटीला चौकातून गेले. आबा पारावर आपल्या कडेला बसले होते. हातात कप होता. माणसं भोवती होती, आणि मला पलीकडून ऐकू आलं. कुणी तरी म्हणत होतं, "आबा, हुतात कुटं इतकं दिस? अन् लेक कवा जायची?"

"जाईल की आता," आबा म्हणाले. "पास झाली."

"घ्या! त्ये आमाला कवाच म्हाईत हाय. बोर्ड न्हवता का लागला?"

सगळे हसले. आबाही हसले. "व्हय," म्हणाले, "तुमाला कवाच म्हाईत हाय," आणि बशीत चहा ओतला. त्यांचं अभिनंदन करायला आता कुणी शिल्लक नव्हतं. खऱ्या निकालाचा पेढा गावात कुणी खाल्ला नाही. आबा फुंकर मारून चहा पीत होते आणि दर घोटाला मान वर करून चौकाकडं बघत होते, चौक त्यांनी नुकताच विकत घेतल्यासारखा.

मी पलीकडं जाऊन त्यांच्या पायाला हात लावायला हवा होता. सगळ्यांसमोर. पण माझे पाय उचलले नाहीत. बस आली, मी चढले. त्यांनी मला बघितलं आणि कप वर केला. बस हलली आणि मग मला रडू फुटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो, कुणी गेलं का?" मी मानेनंच नाही म्हटलं. इतके महिने त्या घरात मी एकटीच ओरडत होते, आणि गप्प कोण आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं.